अंगठा

गोरोका. सकाळचे सहा वाजून दहा.
खिंड आत्ता उघडी आहे,
नऊच्या आत ढग तिचं दार लावून घेतील.
कॉफीची सहा पोती तोलून झाली.
लसींचा डबा, गोणत्यात डुकराचं पिल्लू, तोंड तेवढं बाहेर,
आणि एक म्हातारा. यादीत नावासमोर
त्यानं अंगठा उठवला,
शाई विजारीला पुसली.

वहीत रात्रीची नोंद:
एलेरॉनच्या केबल बदलल्या. तपासल्या.
खाली तेओसिनची सही, शेपटी वळवलेली.
तेवीस वर्षं तीच शेपटी.
बोट ठेवायला जागा नाही.

तरी मी फेरी घालते.
तेलाची कांडी. टायर.
पंखाखालून घोटभर इंधन काचेत धरून
उजेडाकडे बघते, पाणी नाही.
बिजागरी न् बिजागरी चाचपते.
पत्र्यावर दव, त्याखाली
एक तेलकट पंजा उमटलेला,
बोटं मोजता येतील इतका ताजा.

आत बसून योक डावीकडे.
पूर्ण जातं. अडत नाही, करकरत नाही.
उजवीकडे, लोण्यातून सुरी.
मोकळं आहे, म्हणाले मी,
पुन्हा डावीकडे वळवलं,
आणि नजर यादीच्या पुढच्या ओळीवर गेली.
खरं सांगते, गेली होती.

पण हात तिथेच होता
आणि हाताचा अंगठा उभा.
पहिल्या वर्षी तेओसिननंच शिकवलेलं:
अंगठा वर धर. वळव.
तो झुकेल त्या पंखाची फळी उठलीच पाहिजे.
नाही उठली तर उतर.
माझी सही असली तरी उतर.
माझी असली तर आधी उतर.

अंगठा डावीकडे झुकला होता.
डावी फळी खाली गेली होती.

घराला कुलूप लावून पुन्हा ओढून बघावं
तसं मी तीनदा वळवलं.
मोकळं. तीनदा मोकळं.
तीनदा उलटं.

हँगरमध्ये तो डब्यातली मासळी खात होता.
मी काही बोलले नाही, फक्त चल म्हटलं.
माझ्या जागी बसला, अंगठा उभा केला, वळवलं,
आणि पंखाकडे बघत राहिला,
आपल्याच अक्षरात
दुसऱ्याच कुणाचं पत्र वाचावं तसा.
मग वही मागितली.
नोंदीवर एकच रेघ मारली, पातळ.
खोडलेलं वाचता आलं पाहिजे, असा नियम आहे.

म्हातारा विचारतो, कधी?
आज नाही.
चालत चार दिवस लागतात, तो म्हणतो,
आणि पुरणं उद्या आहे.
त्याला मी काय दाखवू?
फळी, केबल, माझा अंगठा?
तो स्वतःच्या जांभळ्या अंगठ्याकडे बघतो,
शिव्या घालतो, माझ्या कंपनीला, मला.
घालू दे.

तेवढ्यात पिल्लू गोणतं फाडून सुटलं
आणि धावपट्टीभर पळालं,
मागे चार माणसं.
खिंड मिटली तेव्हा नऊलाही वेळ होता.
तेओसिन अजून आतच बसलेला.
डावीकडे. उजवीकडे.
डावीकडे.