टोक

मी खुर्च्या मांडणारा माणूस.
चॅपेलच्या मागचा हॉल, दीडशे खुर्च्या,
त्यातल्या अकरा डुगडुगतात, त्या मी भिंतीकडे लावतो.
कोण काय बोलून उठलं ते मी फारसं ऐकत नाही,
खुर्ची किती मागे सरकली आहे त्यावरून कळतं.

त्या मंगळवारी खुर्च्या कमी पडल्या.
समोर दोन टेबलं, मधे हातभर अंतर,
एकावर पाटी : राहू या. एकावर : निघू या.
पाण्याचा जग मात्र एकच.

हर्बर्ट डाउसिंग उठला. चाळीस वर्षं समुद्रावर होता,
आता बोट नाही, बोटीसारखं चालणं तेवढं उरलंय.
म्हणाला, पहाटे चारला माझ्या गल्लीत व्हॅन येते,
दारं आपटतात, माणसं मोजून घेतात, जाते.
मला भांडायचं नाही कुणाशी.
मी 'गुड मॉर्निंग' म्हटलं तर
परत म्हणणारं कुणीतरी हवंय.
हशा पिकला.
तो हसला नाही.

मिस ऑलनट म्हणाली, माझ्या वर्गात सात भाषा आहेत
आणि साताचा पाढा सगळ्यांचा सारखाच चुकतो.
मागून कुणीतरी : डॉक्टर तीन आठवडे भेटत नाही!
त्याच्याही मागून : भेटतो तो कुठून आलाय, ते बघ.
एक म्हातारी म्हणाली, काडीमोड घ्यायचा तर घ्या,
पण भांडी कुणाची कुठली, ते आधी लिहून ठेवा.
तिचं कुणी ऐकलं नाही, आवाजावर आवाज चढला होता.
सुरुवात सगळ्यांनी 'आपण' अशी केली होती,
साडेआठपर्यंत त्याचं 'आम्ही' झालं.
नेमका कुणी बदलला शब्द, दिसलं नाही.

तिसऱ्या रांगेत मॉसॉप, चारशे एकर कोबी.
चकार शब्द काढला नाही त्यानं.
जाताना खुर्ची जिथल्या तिथे ठेवून गेला.

युर्गिता दाराशी उभी होती, हातात मॉप.
बारा वर्षं त्याचाच कोबी कापला,
पाठ गेली, तेव्हापासून फरश्या.
सभेला आली नव्हती ती.
सभा संपायची वाट बघत होती.

पुढच्या आठवड्यात, बुधवारी रात्री,
त्याच हॉलात प्लायवुडचे आडोसे आले,
दोरीला बांधलेल्या पेन्सिली. सगळ्या बोथट.
तिनं एप्रनच्या खिशातून पोराचं शार्पनर काढलं,
एकेक पेन्सिल फिरवली, फुंकर मारली,
टोक अंगठ्यावर टेकवून पाहिलं,
शेतावर सुरी पाहायची तसं.
मी बावळटासारखं विचारलं, उद्या येणार तू?
येईन की, म्हणाली. रात्री दहानंतर.
फरशी आहे ना.

मला आठवलं मग.
पेन्सिल तिची. फुली आमची.

दुसऱ्या दिवशी दारापासून कोपऱ्यापर्यंत रांग.
पुष्कळांनी घरून पेनं आणली होती,
पेन्सिलीचं खोडतात म्हणे.
हर्बर्टच्या खिशात दोन होती, एक त्यानं मॉसॉपला दिलं.
माझ्याकडे नव्हतं.
मधल्या आडोशात शिरलो, फुली मारली,
कुठे ते नाही सांगणार,
बायकोलाही सांगितलेलं नाही.
दुसरी रेघ ओढताना टोक मोडलं.

रात्री केरात तिला ते सापडलं,
तांदळाच्या कण्यासारखं, काळं.
हातावर घेऊन दिव्याखाली धरलं.
मधल्या आडोशातलं, म्हणाली.
दाबलं असेल कुणी जोरात.
आणि केर भरून टाकला.

मी खुर्च्यांकडे वळलो.
दहा-दहाची थप्पी, नेहमीसारखी.
दोनदा मोजल्या त्या रात्री.
दोन्ही वेळा
एक जास्त भरली.