मागून येतायत

आठवडाभर मी इतरांचं बोलणं लिहून घेते.
शिवाजीनगर कोर्ट, खोली नंबर एकवीस.
साक्षीदार थांबला की माझी बोटंही थांबतात.
फाल्गुनात तीन दिवस रजा टाकली,
स्प्लेंडरच्या क्लचला नवी तार घातली,
तंबू, स्टोव्ह, पातेलं मागच्या सीटवर आवळलं
आणि धनकवडी झोपेत असताना निघाले.

खडकवासल्याला चहा. टपरीवाल्यानं आधी बोचकं बघितलं,
मग मला, मग रिकामा रस्ता.
"एकट्याच?"
तोंडातून निघून गेलं, "नाही, मागून येतायत."
शपथेवर नव्हते, चालून गेलं.

पानशेतच्या पुढे पाणी उतरलेलं,
काठाला भेगाळलेला गाळ. त्यावर पहिला तंबू.
गुरं वळवणारा म्हणाला,
मागून येणार असतील तर दिवा बाहेर ठेवा, दिसेल त्यांना.
ठेवला.
समोरच्या डोंगरावर वणवा,
निखाऱ्याची एकच ओळ
शॉर्टहँडसारखी वाकडीतिकडी, कुणाच्या हातची कोण जाणे,
मला वाचता येईना.
भेकर भुंकलं. तंबूची चेन मी दोनदा ओढून बघितली.

पाबे घाटात पांगाऱ्याला पान नाही, नुसतं लाल.
करवंदीचा वास थेट हेल्मेटच्या आत.
दुसरा गिअर, पहिला, पुन्हा दुसरा,
पोटरीला इंजिनाचा ताप, छातीवर सावलीचा गारवा,
आणि डोक्यात कित्येक वर्षांनी
कुणाचंच वाक्य नाही.

पासलीच्या अलीकडे पोरांनी रस्त्यावर दोरी धरलेली.
शिमग्याचं पोस्त द्या, नायतर जायचं नाय.
सुटे वीसच निघाले.
सगळ्यांत लहान, नाक गळणारा, म्हणाला,
"मागनं कोन हाय का?"
आहेत ना, चौघं.
दोरी माझ्यापुरती खाली गेली, पुन्हा ताणली.
आरशात बराच वेळ दिसत होती पोरं,
माझ्या खोट्याची वाट बघत.

केळदला संध्याकाळ. भाजलेल्या राबाचा धूर.
कोंडिबा शिळीमकरांनी पडवीपुढची जागा दाखवली.
"किती जणं?"
"मी. आणि चौघं, मागून."
म्हातारा उठून आत गेला.
थापटण्याचा आवाज येत राहिला.
नाचणीच्या भाकऱ्या, जाड, कडेला करपलेल्या;
घरात दुसरं कुणी नाही, त्याच्याच हातच्या.
मी दोन खाल्ल्या, खर्ड्याबरोबर.
उरलेल्या आठ फडक्यात बांधून त्यानं चुलीच्या उबेला ठेवल्या
आणि कंदील घेऊन उंबऱ्यात बसला.
"खिंडीत चढ हाय," म्हणाला. "अंधार झाला त्यास्नी."

नऊ.
साडेनऊ. कंदिलावर किडे.
हजार खोट्या साक्षी मी स्वल्पविरामासकट टाईप केल्यात,
पण त्या कुणासाठी कधी भाकऱ्या झाल्या नव्हत्या.

दहाला सांगितलं. बाबा, कुणी येत नाहीये.

त्यानं वात खाली केली.
"मंग आधी सांगायचं. पीठ वाचलं असतं."
बऱ्याच वेळानं, अंधारातून,
"मीबी एकलाच. कुनी इचारलं तर सांगतो, ल्योक यायचाय."

दवानं कापड जड होऊन नाकाला टेकलं
तेव्हा कुठे मला जाग आली.

निघताना फडकं त्यानं हँडलला अडकवलं.
पासलीला दोरी होतीच.
"चौघं कुठायत?"
मी फडकं सोडलं.
पोरांनी भाकऱ्या उलटसुलट करून बघितल्या,
त्यांना पैसे हवे होते, चेहरे पडले.
नाक गळणाऱ्यानं मात्र एक मोडली
आणि खात खात दोरीचं टोक सोडून दिलं.

नसरापूर. हायवे. कात्रजच्या बोगद्यात
मागून ट्रक, हॉर्न, दिवेच दिवे.
कुणी काही विचारलं नाही.

घरी बाल्कनीत तंबू झटकला.
राबाची राख, गाळाची ढेकळं, करवंदीची दोन फुलं
खालच्या मुजुमदारबाईंच्या वाळत घातलेल्या चादरीवर.
त्यांनी वर बघितलं. "कुणाबरोबर गेला होतात?"

एकटीच, म्हणाले.
चादर मी धुऊन देईन.