दोन काचपट्ट्या

अकिताच्या इस्पितळात एकाच दुपारी आल्या:
चिगुसा आणि कियोताका, बहीणभाऊ.

अंधाऱ्या खोलीत दोघांच्याही मूत्रपिंडात
तोच हिरवा उजेड.
पहारेकरीच घरात ठाण मांडून बसलेले.

घसा दुखला की तिची लघवी चहाच्या रंगाची,
म्हणून ती घाबरली, वेळेत आली.
त्याला नुसता फेस यायचा.
रक्तदाब गुपचूप चढत राहिला;
त्याच्या पट्टीवर व्रण जास्त.

"बायकांना हे सौम्यच जातं ना?" त्यानं विचारलं.
तक्त्यात तसंच आहे, मी म्हटलं.
चिगुसा तक्ता बघत राहिली.
तिला मूल हवं होतं,
आणि त्याला रकाना नव्हता.

खिडकीतून दिसले:
बर्फात एकाच छत्रीखाली,
धुरावलेल्या मुळ्याच्या लोणच्यावरून भांडत.
मीठ दोघांनाही बंद.