केसभर वर

कॅनडा कॉर्नरला बँकेच्या वर, दुसऱ्या मजल्यावर
शनिवारी गाणं होतं.
खुर्च्या चाळीस, माणसं एकोणीस,
त्यात तबलजीच्या घरची चार
आणि एक वॉचमन, जो उंबऱ्याच्या आत यायला तयार नव्हता.

पेखळेबाई गाणार होत्या.
एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा मोजल्या त्यांनी,
आता विलंबित गातात.

आधी पंख्यावरून वाद.
चालू ठेवला तर तानपुरा बुडतो,
बंद केला तर लोक निमंत्रणपत्रिकेने वारा घेतात
आणि तो पुठ्ठ्याचा ठेका गायधनींना छळतो.
शेवटी एक नंबरवर ठेवला.
मग तानपुरा लागायला वीस मिनिटं.

खोटं कशाला बोलू,
मला तीच वीस मिनिटं आवडतात.
खुंटी पिळायची, ऐकायचं, नाक मुरडायचं,
तारेखालचा दोरा इतकासा सरकवायचा.
हातोडी, गट्टा, टक्. पुन्हा टक्.
अजून कुणी काहीच चुकलेलं नसतं.
पुढे राग फार रंगला, असं सगळे म्हणाले.
रंगला असेल.

रविवारी पहाटे रेहाना खाली हॉर्न देत उभी.
नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघायला.
तिची दुर्बीण नवी, माझा थर्मास जुना.
निफाडच्या थंडीत बोटं गळून पडतील असं वाटलं,
आणि मनोऱ्यावर चढलो, तर धुकं.
पाणी नाही, पक्षी नाहीत, पुढचा कठडाही नाही,
पण आत काय कालवा चालला होता!
जणू हजार खुंट्या एकदम पिळल्या जातायत
आणि मैफल सुरू करायची कुणाला घाई नाही.
"पैसे गेले गं पाण्यात," रेहाना दुर्बीण चाचपत म्हणाली.
मग दोघी तासभर डोळे मिटून बसलो.
येताना मिसळ. पापड चुरून. रस्सा दोनदा.

रात्री झोप नाही. रस्सा.
अंगठ्याने मोबाइल सरकवत राहिले.
कुणी गंजलेली कात्री चकचकीत करतंय,
कुणाच्या मांजरीला कडी काढता येते,
आणि कुठल्याशा बर्फाळ गावातला एक म्हातारा
अकरा वर्षं घरातले आवाज वहीत टिपतोय.
जिन्याची कुठली पायरी काय बोलते,
किटली उकळण्याआधी कुठवर चढते,
फ्रिज कुठल्या सुरात.
सदतीस जणांनी पाहिलं होतं. मी अडतिसावी.
भाषा कळली नाही, वही कळली.

उठले. अनवाणी स्वयंपाकघरात.
मोबाइलवर तानपुरा लावला, फ्रिजला कान.
काळी तीन, नाही.
पांढरी पाच, जवळ. जवळ, पण जरा वर.
बारीक, बारीक सरकवत नेला
आणि लागला.
बारा वर्षं हा इथे कोथिंबीर राखत
षड्ज धरून बसलाय,
आणि मी त्याच्यासमोर कुकरची शिटी मोजत!

सोमवारी गायधनी दुकानात आले, बीपीच्या गोळ्या घ्यायला.
त्यांना सांगितलं. हसतील वाटलं होतं.
चष्मा वर करून म्हणाले,
"तो फ्रिजचा नाही हो, विजेचा सूर.
सगळ्या गावाचा एकच. डीपीजवळ उभ्या राहा कधी.
आम्ही त्याच्याशीच भांडत असतो दर वेळी."
गोळ्यांची पट्टी उजेडात धरून तारीख पाहिली, निघाले.
मला विचारायचं होतं, त्या म्हाताऱ्याच्या गावचाही तोच का?
पण मागे तिघं उभी होती, एकाला ओआरएस हवं होतं घाईने.

बुधवारी वीज गेली, रात्री साडेआठला.
आधी फ्रिज थांबला, मग शेजारचा,
मग कळेना काय थांबलं,
पण इंदिरानगर एकदम उघडं पडल्यासारखं झालं.
खालून कुणी ओरडलं, "सगळ्यांची गेली का?"

मी ओट्याशी, हात पिठात.
तोंड मिटून, नकळत, तो सूर धरून ठेवला होता मी.
कुणीतरी धरायला नको का?
श्वास घ्यायला थांबायचं, पुन्हा तिथेच यायचं.
अकरा मिनिटं, किंवा सोळा.

आली तेव्हा फ्रिज थरथरून सुरू झाला.
मी ऐकलं.
केसभर उतरले होते.