झिंगे

उदगीरला, नूतन टॉकीजच्या पत्र्याखाली
दुपारच्या खेळाला आम्ही चौदा जण.
समुद्र इथून दोन्ही बाजूंनी लांब.
आप्पांना पाणबुडीचा पिच्चर बघायचा नव्हता,
मीच आणलं ओढून.

खुर्चीत टेकताच म्हणाले,
"एवढी रुंद नसते आत.
दोघं समोरासमोर आले की एकानं पोट आत घ्यायचं."
मग पडद्यावर लाल दिवे लागले
आणि ते बोलायचे थांबले.

वर शत्रूचं जहाज.
कॅप्टननं ओठांवर बोट ठेवलं.
आचाऱ्यानं पळी हवेतच धरली.
कानांना यंत्र लावलेला पोरगा
घामसुद्धा पुसेना.

आणि नेमकी लाइट गेली.

एरवी आमचे लोक शिट्ट्या मारतात,
खाजाभाईच्या नावानं बोंबलतात.
त्या दिवशी कुणीच नाही.
कॅप्टनचा हुकूम आम्हालाही लागू झाला असावा.
मागच्या रांगेत शेंगा फोडणारा हात थांबला.
उन्हानं पत्रा तेवढा तडतडत होता.

अंधारात आप्पांचा आवाज,
सरळ, ड्यूटीवरचा:
"झिंगे असतात खाली, लाखानं.
तव्यावर ज्वारीच्या लाह्या फुटाव्या तसे वाजतात.
नवा पोरगा घाबरतो. मी नवा नव्हतो.
त्या रात्री लाह्यांच्या मागं
एक पंखा फिरत होता. पाच पात्यांचा. हळू.
आपला नव्हता.
साहेबानं विचारलं, मठपती, काय आहे?
मी म्हणालो, झिंगे, सर."

आमच्या घरात झिंगा कुणी ताटात पाहिलेला नाही.

मी का विचारलं नाही.
जरा वेळानं तेच म्हणाले,
"त्यांच्यातपण कुणीतरी कान लावून बसला असेल की.
त्यानंही त्याच्या साहेबाला
काहीतरी सांगितलंच असेल."

वैशाखातही आमच्याकडं रात्री पंखा बंद.
आई म्हणायची, पेन्शनीचा कंजूसपणा.

जनरेटर धडधडलं.
खाजाभाईनं रीळ पुढूनच लावलं:
पाणबुडी वर आलेली, ऊन, बँड, हवेत टोप्या.
मधे काय झालं ते कुणालाच कळलं नाही.
तिघांनी टाळ्या वाजवल्या.

बाहेर रिक्षावाल्यानं विचारलं,
"कसा होता पिच्चर, काका?"
आप्पा दूध भुकटीच्या कारखान्यापर्यंत गप्प.
मग म्हणाले,
"आवाज फार होता."