नऊ दशांश

चिंचवडच्या टूलरूममध्ये एकतीस वर्षं लोखंड तासलं.
लाकडाचं कधी ऐकून घ्यावं लागलं नाही.
म्हणून पहिला आठवडा नुसता मोडण्यात गेला:
बोहरी आळीतून सागाची पट्टी आणायची,
करवतीनं चिरायची, पॉलिश पेपरनं घासायची,
आणि दीड मिलिमीटरवर आली की
कट्.
बोट मोडल्याएवढाच आवाज.
बुटांचा एक खोका त्या आवाजांनी भरला.

बुरूड आळीत कोंडाबाई सूप विणत होत्या.
मी खोका पुढे केला.
मान वर न करता त्यांनी विचारलं,
चिरल्या का फोडल्या?
चिरल्या.
मग मोडणारच की. करवत तिच्या वाटेनं जाती,
कोयता बांबूच्या वाटेनं.
पातं टेकवलं, मनगट जरा सैल सोडलं,
कांब आपली आपण उकलत गेली
पेरापर्यंत.
वीस रुपये घेतले. बांबूचे.

आता घरी जंतर आहे,
सोनार तार ओढतात तसलं, पण माझ्या हातचं.
गेज प्लेटचा तुकडा, त्यात भोकं उतरत्या भाजणीनं:
तीन, अडीच, दोन, दीड, सव्वा, एक,
आणि कोपऱ्यात, डोळ्याला भिंग लावूनच दिसणारं,
नऊ दशांश.
काडीचं टोक निमुळतं करायचं, भोकात घालायचं,
पलीकडून पक्कडीत धरून ओढायचं.
हिसका दिला की तुटते. मध्येच विचार करत थांबलो की अडकते.
दर भोकाशी ती थोडं अंग ठेवून पुढे जाते.
ते अंग खिडकीतल्या वाऱ्यानं घरभर होतं.
चहात पुन्हा बांबू आलाय, म्हणते मालिनी,
आणि गाळून पिते.

हिंगमिरे बाईंची सहकारनगरची जागा करतोय,
दोन खोल्या, एकास चोवीस.
बिल्डिंग पाडली. बारा मजली होणार आहे तिथं.
बाईंनी वहीत सगळं लिहून दिलं होतं:
मांडणी, मोरी, शिलाई मशीन, लाल सिलिंडर,
कॅलेंडर, आणि ते कुठल्या महिन्यावर उघडं.
काठी लिहिली नव्हती.
कपडे वाळत घालायची, छताजवळच्या दांडीपर्यंत पोचणारी.
फोटोत दाराआड एक उभी रेघ दिसत होती, तेवढीच.
सात फूट. जाडी बावीस धरली, भागिले चोवीस.
अकरा मोडल्या.
बारावी आली, तेव्हा मालिनीला हाक मारावीशी वाटली,
पण ती झोपली होती.

शनिवारी बाई न्यायला आल्या.
वहीत पेन्सिलीनं खुणा करत गेल्या,
मोरीचा नळ उलट्या बाजूला आहे म्हणाल्या
(आहे. बदलून देईन),
मग नखानं दार ओढलं.
वही मिटली.
चिमटीत काठी धरून वर नेली, दांडीकडे,
तळहाताएवढ्या खोलीत,
आणि मी खाली पाहिलं तर
त्यांच्या टाचा
फरशीवरून सुटल्या होत्या.