चोवीस बोल्ट

मिलिटरीच्या लिलावातली पाच चाकं
टेम्पोतून उतरली उद्यमनगरात.
चार एका मापाची.
पाचवं कुणाचं, ते विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

दस्तगीर शिकलगारनं रिंग वाजवून बघितली,
घागर घेताना बायका वाजवतात तशी.
"स्वस्त म्हणून आणलंस. भोकं कुठं जुळत्यात जीपला?"
मग अडॅप्टर, लेथवर दोन दिवस,
चाकांपेक्षा महाग.

पहिला टायर उघडला तर आतून सांडली वाळू,
पांढुरकी, पिठासारखी.
"भोगावतीची न्हवं ही," म्हणाला
आणि भज्यांचा कागद तिच्याखाली सरकवला.

मग बोल्ट. एका चाकाला चोवीस.
समोरासमोर, थोडा थोडा,
एकाला आवळून शेजाऱ्याला रडवायचं नाही.
"आता हवा आठावर आण,
चिखलात टायर रिंग सोडायचा न्हाई."

शेवटचं चाक मिटण्याआधी
कागदातली चिमूटभर वाळू
त्यानं परत आत टाकली.
"ही कशाला?"
"लांबनं आलीया. ऱ्हाऊ दे."

रविवारी गगनबावड्याच्या उतारावर
पहिल्या गिअरात, खिडकी उघडून,
मी मागल्या उजव्या चाकाकडं कान लावला.
इंजिनच ऐकू येत होतं.